ट्रेलरच्या केबिनवर २८ मेगाहर्ट्झचा अँटेना: एसडब्ल्यूआर तीनच्या खाली येत नाही

कळंबोलीकर

मंडळी, नमस्कार. हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना आहे आणि गाडी मी स्वतःच चालवतो. न्हावा शेवा ते नाशिक असा रूट, मागे ४० फुटी कंटेनरचा ट्रेलर. गाडी २४ व्होल्टची, केबिन पुढे झुकणारी.

सेट दहा मीटर बँडचा (२८ मेगाहर्ट्झचा), २५ वॅटचा. अँटेना मात्र सीबीचा (२७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडचा) आहे: चार फुटी फायबरग्लास, तारेचे दाट वेढे वरच्या भागात, टोकाला ट्यूनिंगचा स्क्रू. अमेरिकेत ट्रकवाले आरशाच्या दांड्यावर लावतात तसाच उजव्या आरशाच्या वरच्या दांड्यावर क्लॅम्प ब्रॅकेटने बसवलाय. कोअॅक्स केबल आरजी-५८, साडेपाच मीटर, दोन्ही टोकांना पीएल-२५९ कनेक्टर.

२८.३ ला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) ३.४ येतो, २८.६ ला त्याहून वर. स्क्रू पूर्ण आत घातला तरी फारसा फरक नाही. दुसरी, थोडी आखूड केबल लावली तर आकडाच बदलतो. हे कशामुळे? डाव्या आरशावर जोडीला दुसरा अँटेना लावून सुधारेल का? आणि १२ व्होल्टसाठी दोनपैकी एका बॅटरीवरून टॅप घेतला तर चालेल का?

आरएफ_अर्थिंग

आधी पीटीटीवरून (माइकच्या बोलायच्या बटणावरून) हात काढा. ३.४ ला जवळजवळ ३० टक्के पॉवर परत येते, आउटपुट ट्रान्झिस्टर त्यावर फार दिवस काढत नाहीत. दोष सापडेपर्यंत सेट फक्त ऐकायला.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे केबल बदलली की आकडा बदलतो. अँटेनाला अर्थ (अर्थिंग, गाडीच्या पत्र्याशी जोड) नीट मिळत असेल तर केबल फूटभर आखूड झाली म्हणून मीटर असा हलत नाही. हलतोय याचा अर्थ ब्रॅकेटला केबिनचा पत्रा मिळतच नाही आणि अँटेना आपली उरलेली अर्धी बाजू केबलच्या बाहेरच्या जाळीवर शोधतोय. म्हणजे केबलच अँटेनाचा भाग झाली आहे. चार फुटी व्हिपला (अँटेनाच्या दांड्याला) गाडीचा पत्रा लागतोच. २८.४ मेगाहर्ट्झला पूर्ण पाव तरंग अडीच मीटरच्या आसपास भरतो. तुमचा दांडा त्याच्या निम्माच आहे, त्यामुळे अर्थमधली कसर त्याला जास्त भोवते.

आता मल्टीमीटर घ्या. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून मीटरचे स्वतःचे किती ओहम येतात ते बघून ठेवा, ते पुढे वजा करायचे. अँटेना ब्रॅकेटवरून काढा, केबल सेटमधून काढा.

पीएल-२५९ ची मधली पिन आणि बाहेरची कड यांच्यात सर्किट ओपन दिसलं पाहिजे. शॉर्ट दिसलं तर एकतर कनेक्टरमध्ये जाळीची एखादी तार मधल्या पिनेला लागली आहे, नाहीतर ब्रॅकेटवरच्या स्टडचा नायलॉन वायसर चुकीचा बसलाय. त्या वायसरला एक कॉलर असते. ती ब्रॅकेटच्या भोकात उतरली पाहिजे आणि वायसर अँटेनाच्या बाजूला, म्हणजे वर आला पाहिजे. खालच्या बाजूला स्टडचं धातूचं अंग ब्रॅकेटला थेट भिडलेलं हवं, तिथूनच जाळीला अर्थ मिळतो. पुष्कळजण सुरक्षित म्हणून खालीही प्लास्टिकचा वायसर घालतात. मग शॉर्ट होत नाही, पण अर्थही तुटतो.

(ही तपासणी अँटेना काढूनच करायची. काही अँटेनांच्या बुडाशी मॅचिंगची कॉइल असते आणि ते मीटरवर मुळातच शॉर्ट दिसतात, त्यात बिघाड काही नसतो.)

मग कनेक्टरची बाहेरची कड ते केबिनचा उघडा पत्रा मोजा. दाराच्या बिजागरीजवळचा एखादा रंग नसलेला बोल्ट चालेल. आधी लिहून ठेवलेले ओहम वजा करून अर्धा ओहम किंवा कमी हवं. तिथे पाच, पन्नास किंवा ओपन आलं तर तुमचा आजार तिथेच आहे. आरशाच्या दांड्यावर पावडर कोटिंग असतं, क्लॅम्पच्या आत रबर असतं, आणि दांडा केबिनला जोडतो तिथे प्लास्टिकचं कव्हर आणि रबरी बुश. तीन ठिकाणी तुटलेला रस्ता आहे तो.

उपाय असा. ब्रॅकेटपासून केबिनच्या पत्र्यापर्यंत तांब्याची विणलेली चपटी पट्टी टाका, १२ ते १५ मिलिमीटर रुंद, टिन केलेली. लोहार चाळीत ‘ब्रेडेड कॉपर’ म्हणून मागितली की मीटरवर मिळते. लांबी शक्य तितकी कमी, वीतभर झाली तर उत्तम. इथे साधी वायर वापरण्याचा मोह होतो, पण ३० सेंटिमीटरची बारीक वायर २८ मेगाहर्ट्झला ५० ते ६० ओहमचा अडथळा, म्हणजे रिअॅक्टन्स दाखवते. मल्टीमीटरवर शून्य ओहम आणि आरएफला (रेडिओच्या लहरींना) मात्र बंद दार. म्हणून पट्टीच, आणि तीही आखूड.

दोन्ही टोकांखालचा रंग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, दातेरी वायसर घाला, बोल्ट आवळा आणि आवळून झाल्यावरच वरून ग्रीस किंवा झिंकचा रंग द्या. आधी रंग देऊन मग आवळलं तर घासल्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: आरसा केबिनच्या खांबावर आहे की दारावर? दारावर असेल तर पट्टी दारापर्यंत आणून थांबू नका. दार आणि केबिन यांच्यात फक्त बिजागरीचं ग्रीस असतं. तिथे बिजागरीला समांतर दुसरी पट्टी हवी, दार पूर्ण उघडेल एवढी ढिली. केबिन आणि चासी यांच्यातही रबरी माउंट असतात. मागच्या लॉकजवळ एक आणि पुढच्या पिव्हटजवळ एक अशी पट्टी टाका. लॉकजवळची पट्टी केबिन झुकवताना ताणली जाणार, म्हणून ती एका टोकाला बटरफ्लाय नटने सुटेल अशी ठेवा. पिव्हटजवळची कायम राहू शकते.

घाटमाथा

वरच्या उत्तरातलं सगळं झाल्यावरच पुढचं करा. अर्थ ठीक नसताना ट्यूनिंग केलं तर अँटेना चुकीच्या लांबीला कापून बसाल.

सीबीचा अँटेना २७.२ च्या आसपास रेझोनन्सला (एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असतो त्या जागी) येईल असा बांधलेला असतो. तुम्हाला २८.४ हवाय, म्हणजे चार-साडेचार टक्के वर. स्क्रूचा पल्ला सीबीच्या चाळीस चॅनेलांपुरता, त्यामुळे तो पूर्ण आत घातला तरी तुम्ही तिथवर पोहोचत नाही. तुमचा आकडा २८.३ पेक्षा २८.६ ला वाढतोय, हेच ‘अँटेना लांब आहे’ याचं लक्षण. वरच्या फ्रीक्वेन्सीकडे वाढला तर लांब, खालच्या टोकाकडे वाढला तर आखूड.

नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) मिळाला तर मागून आणा. पॉवर न टाकता २६ ते ३० स्वीप करा आणि एसडब्ल्यूआरचा खड्डा नेमका कुठे पडतोय ते बघा. २७.१ ला पडला तर अँटेना ठणठणीत आहे, फक्त आखूड करायचाय. खड्डाच उथळ आणि पसरट दिसला तर अजून अर्थ नीट नाही.

आखूड करायची पद्धत: आधी टोकाचा स्क्रू साफ काढून मोजा. तेवढ्यात भागलं नाही तर वरचं प्लास्टिकचं आवरण ब्लेडने गोल कापा, टोकाच्या धातूच्या टोपीला जोडलेली तार सोडवा आणि एका वेळी अर्धा ते एक वेढा कमी करत चला. प्रत्येक वेळी तार परत जोडून मोजायचं. वरचे वेढे फार संवेदनशील असतात, एकदम तीन-चार काढले तर थेट २९ च्या पुढे जाल आणि परत यायला जागा नाही. स्क्रूशिवाय २८.४ च्या थोडं वर पोहोचलात की थांबा, स्क्रू परत बसवा आणि उरलेलं काम स्क्रूने करा. शेवटी हीट-श्रिंक. त्यानेही फ्रीक्वेन्सी किंचित खाली येते, म्हणून हिशेबात थोडी वर ठेवा.

एवढी कारागिरी नको असेल तर बुडाशी कॉइल असलेला स्टीलच्या व्हिपचा अँटेना घ्या. त्यात वरचा दांडा तीन-तीन मिलिमीटर घासत आणायचा, बस.

मोजायला जागा मोकळी हवी. कळंबोलीच्या टर्मिनलवर दोन ट्रेलरच्या मध्ये उभं राहून मोजलेला आकडा रस्त्यावर लागू पडणार नाही. आजूबाजूला दहा मीटर पत्रा नको, दारं बंद, मदतनीस अँटेनापासून लांब. आणि हे महत्त्वाचं: कंटेनर लादलेला आणि रिकामा सांगाडा, दोन्ही अवस्थांत मोजा. केबिनच्या मागे पत्र्याची भिंत उभी राहिली की रेझोनन्स सरकतो. दोन्हींच्या मध्ये ट्यून करून दोन्हीकडे १.८ च्या आत राहिलात तर पुष्कळ झालं. १.५ ला चारच टक्के परत येतात, २ ला अकरा. १.१ च्या मागे लागून वेढे कापत बसू नका.

दुसऱ्या अँटेनाबद्दल: नको. दोन अँटेना एका सेटला जोडायला टी (तीन तोंडांचा जोड) लावून भागत नाही. प्रत्येक फांदी ७५ ओहमच्या केबलची, पाव तरंगाच्या विषम पटीत लागते, म्हणजे ५० चे ११२ होतात आणि दोन समांतर ११२ मिळून ५६. सीबीच्या तयार हार्नेसमध्ये (दोन अँटेना जोडायच्या केबलच्या जोडीत) प्रत्येक बाजू १८ फूट असते ती याच कारणाने: २७ मेगाहर्ट्झला पाऊण तरंग गुणिले ०.६६ (केबलमध्ये लहर तेवढ्या पटीने हळू जाते). तुमच्या २८.४ ला तेच ५.२३ मीटर येईल, तयार हार्नेस तसाच लावला तर बसणार नाही. शिवाय दोन्ही अँटेना अगदी सारखे ट्यून हवेत आणि दोन्ही आरशांचा अर्थ सारखा हवा. एवढं करून मिळतं काय, तर पुढे-मागे थोडा झुकाव. मागे कंटेनर आहेच. एक अँटेना नीट बसवा.

जागा मात्र बदलून बघा. या अँटेनात काम करणारा भाग वरचा असतो. वेढ्यांचा भाग केबिनच्या छताच्या वर यायला हवा. क्लॅम्प आरशाच्या मधल्या उंचीवर असेल तर दांड्याच्या अगदी वरच्या टोकाला न्या. तरीही टोक साधारण कंटेनरच्या माथ्याच्या खालीच राहील. म्हणजे जिथून कंटेनर जातो तिथून अँटेनाही जातो, गेटच्या कमानीची धास्ती नाही. त्याची किंमत म्हणून मागच्या बाजूला आवाज कमी पोहोचणार. छतावर वाऱ्याच्या डिफ्लेक्टरवर लावायचा विचार करत असाल तर आधी चुंबक लावून बघा, बहुतेक तो फायबर किंवा प्लास्टिकचा निघेल.

बॅटरी_बॉक्स

एका बॅटरीवरून टॅप अजिबात घेऊ नका. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत आणि अल्टरनेटर दोन्हींना एकच करंट देतो. खालच्या बॅटरीतून तुम्ही रोज काढलेलं तिला परत मिळत नाही. ती कायम अर्धपोटी राहते, वरची जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. रेग्युलेटरला बेरीज २८ व्होल्ट दिसते, त्याला यातलं काही कळत नाही. काही महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या जातात.

२४ ते १३.८ व्होल्टचा कन्व्हर्टर लावा. २५ वॅटचा सेट बोलताना साधारण सहा-सात अँपिअर खातो, म्हणून सतत १० अँपिअर देणारा घ्या. डब्यावर ‘पीक’ लिहिलेला आकडा धरू नका. बाहेरचं अॅल्युमिनियमचं अंग त्याची उष्णता काढतं, सीटखाली चादरीत गुंडाळून ठेवू नका.

कन्व्हर्टर केबिनमध्ये, सेटजवळ. बॅटरीपासून इथवर २४ व्होल्टची वायर आणा. त्या बाजूला करंट निम्म्याच्या आसपास असतो, चार चौरस मिलिमीटरची वायर सहा मीटर आणली तरी जाऊन-येऊन पाव-अर्ध्या व्होल्टच्या आतच पडतो. प्लसवर फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. सेटजवळच्या फ्यूजने सेट वाचतो, पण चासीवर घासून शॉर्ट झालेली वायर पेटायची थांबत नाही.

झुकणाऱ्या केबिनचा खरा प्रश्न इथे येतो. अँटेना आणि सेट दोन्ही केबिनवरच आहेत, त्यामुळे कोअॅक्स पिव्हट ओलांडत नाही. बॅटरीची वायर मात्र ओलांडते. ती गाडीच्या मूळ वायरिंगच्या हार्नेसला बांधूनच न्या, म्हणजे कंपनीने सोडलेला ढिलेपणा तिलाही मिळतो. स्वतंत्र सरळ ओढली तर पहिल्यांदा केबिन झुकवाल तेव्हा तुटेल किंवा, त्याहून वाईट, इन्सुलेशन सोलून राहील. आणि झुकवण्याआधी अँटेना काढायची सवय लावा. केबिन पुढे पडली की दांडा समोर आडवा होतो. क्विक-डिस्कनेक्ट लावलात तर सोपं, पण त्याने लांबी वाढते, म्हणून तो लावूनच ट्यून करा. स्प्रिंगचंही तेच.

खरखर आली तर: डिझेलला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे संशयित वेगळे. इंजिन बंद, सेट बॅटरीवर, आणि एकेक वस्तू बंद-चालू करा: मोबाइलचा चार्जर, जीपीएस ट्रॅकर, एलईडी पट्ट्या, शेवटी हाच कन्व्हर्टर. तो बंद केला तर सेटही बंद होईल, म्हणून चाचणीपुरती सुटी १२ व्होल्टची बॅटरी लावा. दोषी तोच निघाला तर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही वायरींना ३१ नंबरच्या मिश्रणाचे फेराइट (खरखर अडवणारी कडी), प्रत्येकावर तीन-चार वेढे. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी असेल तर अल्टरनेटर.

नवा_सभासद

एक शंका. एवढं वेढे कापण्यापेक्षा सीबीचाच सेट घेऊन सरळ २७ वर का नको? ते तर परवानामुक्त आहे ना? गाड्या आपापसात बोलू शकतील, लोडिंगचं कळवता येईल.

आरएफ_अर्थिंग

परवानामुक्त आहे, पण अटींसह. २००५ च्या नियमांत २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोकळा केला तो कमाल ५ वॅट ईआरपीला (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या पॉवरला) आणि सेटमध्येच असलेल्या अँटेनासाठी. आरशावर बाहेरचा अँटेना त्यात बसत नाही. दुसरं, अमेरिकन सेटचे चाळीस चॅनेल २७.४०५ पर्यंत जातात. आपल्या पट्ट्यात २७ वा चॅनेल, म्हणजे २७.२७५, हा शेवटचा. २८ वा २७.२८५ ला आहे, तो बाहेर. तिसरं, सेटला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची) ईटीए, म्हणजे उपकरणाची मान्यता हवी. परदेशातून बॅगेत आणलेल्या सेटला ती आपोआप मिळत नाही.

लोडिंगचं कळवायला हॅमही चालणार नाही. धंद्याचा निरोप हौशी बँडवर द्यायला मनाई आहे, मग तो ‘गेटवर रांग आहे, उशीर होईल’ एवढाच का असेना. त्याला मोबाइल आहे, किंवा कंपनीच्या नावाने घेतलेला वॉकीटॉकीचा रीतसर परवाना. कळंबोलीकर, हे तुम्हालाही लागू. परवान्याची प्रत गाडीत ठेवा आणि गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे देताना माइक काढून घ्या. माहुल किंवा उरणच्या तेल टर्मिनलवर फेरी लागली तर गेटच्या आधीच सेटची वायर बंद.

लोहारचाळ

पावसाचं कोणी लिहिलं नाही. मुंबईत हे बसवलेलं जूनमध्ये टिकलं तरच खरं.

पाणी शिरतं ते अँटेनाच्या बुडाशी असलेल्या पीएल-२५९ मधून. तो कनेक्टर जलरोधक नाही. एकदा जाळीच्या आत पाणी गेलं की ते केशाकर्षणाने मीटरभर वर-खाली सरकतं, तांबं काळं पडतं आणि एसडब्ल्यूआर उलट सुधारलेला दिसतो, कारण सडलेली केबलच पॉवर खाते. आकडा चांगला, आवाज कुठेच नाही, अशी तक्रार आली की केबल सोलून बघायची. धड केबल साडेपाच मीटरला अर्धा डीबी (दहा-अकरा टक्के पॉवर) सुद्धा खात नाही.

कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, दुपटीने ताणून, खालून वर गुंडाळायची म्हणजे थर कौलांसारखे बसतात. त्यावर साधी काळी टेप उन्हापासून संरक्षण म्हणून. सिलिकॉन लावायचं तर न्यूट्रल क्युअरचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. केबल आत घेण्याआधी खाली एक झोल सोडा, पाणी तिथून ठिबकेल. दाराच्या फटीतून केबल नेऊ नका. दार रोज तिला दाबतं आणि आतलं प्लास्टिक सरकून एक दिवस शॉर्ट होतं. डॅशखालच्या रबरी ग्रोमेटमधून न्या. उरलेली केबल घट्ट गोल बांधू नका, इंग्रजी आठच्या आकारात सैल ठेवा.

बोल्ट स्टेनलेसचे, ३०४ चालतात, ३१६ मिळाले तर बंदरावर जास्त टिकतात. नागदेवी स्ट्रीटला मिळतील. ब्रॅकेट अॅल्युमिनियमचं असेल तर तांब्याची पट्टी त्याला थेट भिडवू नका. खाऱ्या हवेत तो सांधा पांढऱ्या भुकटीत जातो. पट्टीच्या टोकाला टिन केलेला लग लावा, मध्ये स्टेनलेसचा वायसर आणि वरून ग्रीस. कनेक्टर लॅमिंग्टन रोडवर घेताना टेफ्लॉनचा मागा. स्वस्तातल्यातलं प्लास्टिक सोल्डर करताना वितळतं आणि पिन वाकडी होते.

कळंबोलीकर

सगळ्यांचे आभार. मोजलं. मधली पिन ते कड ओपन, म्हणजे वायसर बरोबर. कड ते केबिन ३८ ओहम, आणि दार हलवलं की आकडा नाचतो. आरसा दारावरच आहे. नॅनोव्हीएनए रविवारी मिळतोय. एकच विचारायचं: दाराच्या पट्टीसाठी बिजागरी दोन आहेत, वरच्या बाजूला लावू की खालच्या? वर जागा फार कमी आहे.

आरएफ_अर्थिंग

वरच्या. अँटेना वर आहे, करंट आखूड वाटेनेच जाऊ द्या. खाली लावलीत तर पट्टी जागेवर असूनही दाराच्या उंचीएवढा वळसा पडतो. जागा कमी असेल तर रुंदी दहा मिलिमीटरवर आणा, पण लांबी वाढवू नका. दार पूर्ण उघडून पट्टीची लांबी ठरवा, मग बंद करून बघा की ती रबरी बीडिंगमध्ये चिमटत नाही. लग दाबून बसवल्यावर सोल्डर करू नका. हलणाऱ्या वेणीत सोल्डर शिरलं की ती तिथेच कडक होऊन मोडते.

पट्टी लावल्यावर दार हलवत परत मोजा. आकडा स्थिर आणि अर्ध्या ओहमच्या आत आला की मगच रविवारचा स्वीप घ्या, आणि २६ ते ३० चा स्क्रीनशॉट इथे टाका. वेढे किती काढायचे ते त्यावरून ठरवू. तोवर ब्लेड लावू नका. ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).